गाठ उपाशी मरत नाही

चिनू आणि मीरा,

परवा मीराने मला फोनवर एक फिरता मजकूर पाठवला. 'साखर सोडा, कॅन्सर उपाशी मरेल.' खाली हात जोडल्याची तीन चित्रं. आणि मीराचा प्रश्न : आजी, तू प्रयोगशाळेत होतीस ना, हे खरं आहे का? मी 'नाही' असं कळवलं आणि चष्मा काढून ठेवला. पण एका शब्दाचं उत्तर तुम्हाला पुरणार नाही, आणि मलाही ते पुरेना. कारण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते फोनवर नव्हे. सोलापुरात, सत्तरच्या दशकात, माणसांनी भरलेल्या एका हॉलमध्ये ऐकलं. ज्यांच्या भाषणातून ते निघालं त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं नोकरी केली. त्या वाक्यापायी एक बाई जिवाला मुकणार होती, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून हे लिहून ठेवते आहे. काही अडलं तर तुमच्या आईला विचारा.

त्यांना सगळे 'सर' म्हणत, मीही तेच म्हणेन. ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे रोगाने शरीरात नेमकं काय बिघडतं ते शोधणाऱ्या विभागाचे. मी पुण्याहून एम.एस्सी. करून, लग्न होऊन सोलापूरला आले आणि त्यांच्या प्रयोगशाळेत लागले. पहिल्याच दिवशी रॅकमधल्या काचेच्या नळ्या पाहिल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी होती, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द होता : 'आज'.

"सर, ही कधीची?"

"लिहिलंय की. आजची."

"पण चिठ्ठी पिवळी पडली आहे."

"मग त्या दिवशी 'आज' असेल," ते म्हणाले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

मी नोकरी सोडायला हवी होती. त्याऐवजी मी चिठ्ठ्या बदलल्या. पुढची सहा वर्षं मी चिठ्ठ्याच बदलत होते.

सरांना एकच वेड होतं. कॅन्सरची पेशी मरत का नाही? बाकीच्यांना वाटे, हा माणूस कॅन्सरवर औषध शोधतोय. सरांना औषधात काडीचा रस नव्हता. त्यांना त्या पेशीचा राग यायचा, जसा वर्गात उभं राहून प्रार्थना न म्हणणाऱ्या पोराचा मास्तरांना येतो. "मरायला अक्कल लागते, बाई," हे त्यांचं वाक्य. मला ते नेहमी 'बाई'च म्हणत. "बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते कुठे? गळून पडते? छे! शेपटीतली एकेक पेशी वेळ झाली की गुपचूप आवरतं घेते. आईच्या पोटात तुमच्या बोटांमध्ये पडदा होता. तिथल्या पेशी मेल्या म्हणून तुम्ही आज पेन धरताय. चांगली पेशी मरते. ही गाढव मरत नाही."

हे वर्गात ठीक होतं. पण सरांना वर्ग आणि जग यांतला फरकच माहीत नव्हता. एका लग्नात श्रीखंड वाढायला आलेल्या यजमानीणबाईंना त्यांनी वाडगं हातात तसंच धरून शेपटीची सगळी हकिगत ऐकायला लावली. आमच्या हेडक्लार्कचे वडील गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. घरात बायका रडत होत्या. सर गादीवर बसले आणि सांत्वन म्हणून म्हणाले, "मरायला अक्कल लागते हो." मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना बाहेर आणलं. पायरीवर चप्पल घालताना ते मला विचारतात, "का? मी त्यांची स्तुतीच केली."

त्यातच त्या दोन थर्मासचा ताप. सरांकडे दोन हिरवे थर्मास होते, अगदी सारखे. एकात चहा. दुसऱ्यात बर्फ आणि बाटली. पोटात पाणी झालेल्या कॅन्सरच्या रुग्णांचं ते पाणी वॉर्डात सुईने काढत, तपासणीपुरतं ठेवून उरलेलं टाकून देत. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी तरंगत असतात. सर ते उरलेलं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणत. मी एका थर्मासच्या गळ्यात लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी तो सोडलेला. "हाताला लागत होता." एकदा मुंबईहून परीक्षक आले होते. बर्फ संपला म्हणून सरांनी ते पाणी तसंच थर्मासमध्ये ओतून आणलेलं, आणि शिपायाने तो थर्मास उघडून कपात ओतला. पाहुणे कपाकडे पाहत सौजन्याने म्हणाले, "इकडे चहा फार फिका पितात वाटतं." मी तो कप त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर हिसकावून घेतला. सर म्हणाले, "नीट, बाई! सांडू नका, दोन दिवसांची मेहनत आहे."

मात्र मूर्खपणा आणि काम ही त्यांच्यात वेगळी होती, हेही लिहायला हवं. फार पूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं होतं की कॅन्सरची पेशी साखर अधाशासारखी खाते, आणि हवा हाताशी असतानाही ती पूर्ण जाळत नाही. अर्धवट जाळून आम्लाच्या रूपात बाहेर टाकते आणि आणखी मागते. सर तेच आमच्या फुटक्या साधनांनी करून पाहत होते. पेशी धुऊन काही साखरेच्या पाण्यात ठेवायच्या, काही बिनसाखरेच्या. मग एक निळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते आणि निळी दिसते. निळ्या किती, बिनरंगी किती, ते मोजायचं काम माझं. नळ्या शरीराइतक्या उबेला ठेवाव्या लागत. मे महिन्यात आमचं यंत्र बंद पडायचं, पण सोलापूरच्या उन्हात खोलीच ते काम करायची.

साखर नसली की पुष्कळ पेशी मरत. पण सगळ्या नाही. काही साखरेवाचूनही तशाच स्वच्छ, बिनरंगी राहत. सर त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत. "साखरेच्या नादाने मरण विसरली, की मरण विसरली म्हणून साखरेचा नाद लागला?" हे ते मला विचारत, शिपायाला विचारत, टांगेवाल्याला विचारत. टांगेवाला एकदा म्हणाला, "साहब, दोनों में फायदा तो उसीका है." सर आठवडाभर ते वाक्य सगळ्यांना ऐकवत होते. नंतर खूप वर्षांनी मी वाचलं, की पेशीतली जी भट्टी साखर पुरती जाळते, तिथेच पेशीच्या मरणाची कळही असते. म्हणजे सरांचे दोन प्रश्न एकाच घरात राहत होते. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला पहाटे उठवलं असतं. बरंच झालं नाही कळलं.

आता ते भाषण.

शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती आहे. तिथल्या वाचनालयाने सरांना बोलावलं. सरांनी विषय दिला : 'गाठीचं जेवण'. नुसतं बोलायचं नाही, लोकांना दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. तीन नळ्या होत्या. पहिलीत कॅन्सरच्या पेशी आणि साखर. दुसरीत कॅन्सरच्या पेशी, साखर नाही. तिसरीत सरांच्या स्वतःच्या रक्तातल्या चांगल्या पांढऱ्या पेशी, त्याही बिनसाखरेच्या. सामानाची यादी मी केली. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, त्यामुळे सूक्ष्मदर्शक दोनच मिळाले. दोन सूक्ष्मदर्शक, तीन नळ्या. मला तो हिशेब नीट बसेना. रांगेतला माणूस मधेच नळ्या बदलताना पाहील, गोंधळ होईल. मी तिसरी नळी यादीतून काढली. टांग्यात सरांना सांगितलं. ते पेपरमिंट चघळत बाहेर बघत म्हणाले, "हं."

हॉल भरला होता. सर सुंदर बोलले, तेवढं त्यांचं श्रेय. "भाकरी खा, भात खा, केळं खा, पोटात गेल्यावर शेवटी साखरच होते. आणि गाठ त्या साखरेवर जगते." मग लोकांनी रांगेने दोन्ही सूक्ष्मदर्शकांत पाहिलं. एकात जिवंत. दुसऱ्यात निळं. टाळ्या पडल्या. मी नीट आवरलेल्या टेबलाकडे पाहून खूश होते.

तीन आठवड्यांनी आमचे सर्जन विभागात आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचे सर पेशंट पळवतात का हल्ली?"

हकिगत अशी होती. त्या वस्तीतल्या राजम्मा, तिशीच्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या. डाव्या छातीत गाठ. सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली होती, गाठ अजून काढण्याजोगी होती. त्या आल्या नाहीत. त्यांचा दीर मल्लेश अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात होता. घरात शिकलेला तोच, म्हणून नवराही त्याच्याच शब्दाबाहेर नव्हता. तो येऊन सांगून गेला होता, की कापायची गरज नाही, आम्ही गाठ उपाशी मारतोय. साखर बंद, भाकरी बंद, भात बंद. दिवसाला दोन पेले ताक.

"अजून वेळ आहे," सर्जन म्हणाले. "महिना-दीड महिना गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि त्याआधी ती भुकेने गेली तर तुमच्या भाषणाने गेली."

सरांनी काय विचारावं? "वजन किती उतरलं? गाठ मोजली का कुणी?"

माझ्या हातात काचपट्ट्यांचा ट्रे होता. तो त्यांच्या डोक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं. मग पाहिलं तर ते खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभे होते. "चला, बाई," ते म्हणाले.

राजम्मांचं घर दोन खोल्यांचं. शेजारच्या मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. गालाची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. बोटं मात्र थांबत नव्हती. मल्लेश जेवणाच्या सुट्टीत घरी आला होता. सरांना पाहून तो आनंदाने उभाच राहिला. "वैनी, हेच की ते सर!"

"सायब," राजम्मा म्हणाल्या, "मी मरायला लागले. ती कदी मरंल?"

सर बोलायला लागले आणि जर्मनीपासून लागले. आम्ल, यकृत, रक्तातली साखर. मी खाकरले. ते थांबेनात. राजम्मा विडीला दोरा गुंडाळत ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी नको तितकी ओळखत असलेली ती हताश सभ्यता होती. शेवटी मी म्हणाले, "सर, त्यांना यातलं काहीही कळत नाहीये."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. चुलीशी एका पाटीत कोळसे होते. ते उठले आणि एक उचलून आणला.

"हा कुठला?"

"गिरणीचा," राजम्मा म्हणाल्या. "तितं भट्टीतनं अर्दवट जळल्यालं भाईर टाकत्यात. आमी येचून आणतो."

"टाकलेलं तुम्ही वेचता आणि परत पेटवता."

"व्हय. अजून लई जळतंय की त्यात."

"गाठ त्या गिरणीसारखी आहे," सर म्हणाले. मला वाटतं त्यांनाही ते त्याच क्षणी सुचलं. "साखर अर्धी जाळते, अर्धी टाकते. तुमच्या पोटात उजव्या बाजूला यकृत आहे. बरगड्यांच्या खाली. ते तुमच्यासारखंच वेचतं. टाकलेलं गोळा करून पुन्हा साखर करतं. आणि तुम्ही जेवला नाहीत, तर दंडाचं, मांडीचं मांस मोडून साखर करतं. तुमच्यासाठी करतं. पण ती पहिली पंगतीला बसते."

राजम्मांची बोटं थांबली.

"म्हंजे माजंच घर तिला सैपाक करून घालतंय?"

"हो."

"आन्‌ मी उपाशी."

"हो."

मल्लेश एकदम चिडला. "असं कसं? निळं झाल्यालं मी माज्या डोळ्यानं बघितलंय! तुमीच दाखवलं की! साखर न्हाय तर मरतंय म्हनून! आता मोठ्या डॉक्टरनं दटावलं म्हनून फिरलाव व्हय?"

"ऊरुको, मल्लेश," राजम्मा म्हणाल्या. गप बस. मग सरांकडे वळून, "हा सायब लई बोलतो, पर खोटं बोलत न्हाय वाटतं. तरी ह्यो मानला तरच मी येनार. तीन हप्ते माज्यासाटी घरात कुनी गोड खाल्लं न्हाय. ह्याला खाली बघायला लावून मी येनार न्हाय."

मला तेव्हा त्यांचा राग आला. आता येत नाही.

सर मल्लेशपाशी गेले आणि हात पुढे केला. "बोट दे."

"कशाला?"

"रक्त पाहिजे. तुझं. गाठीचं नाही."

खिशातून सुई निघाली, नळी निघाली. हा माणूस कोणाच्या घरी जाताना खिशात सुई आणि नळी घेऊन का जातो, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. "उद्या सुट्टीत कॉलेजात ये. त्याआधी काही मानू नकोस."

ती नळी मी लावली. बिनसाखरेच्या पाण्यात मल्लेशच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. चिठ्ठीवर त्याचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सायकल दामटत आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो बराच वेळ वाकून राहिला.

"हे माजं?"

"तुझंच."

"निळं झालंय."

"पुष्कळसं."

"म्हंजे चांगलं बी मरतंय."

"चांगलं आधी मरतं," सर म्हणाले. "त्याला अक्कल असते."

मल्लेशने डोळा बाजूला घेतला. "हे त्याच दिवशी का दाखवलं न्हाय?"

"माझी चूक," सर म्हणाले. "विसरलो."

"सर विसरले नाहीत," मी म्हणाले. "नळी तयार होती. मी यादीतून काढली. सूक्ष्मदर्शक दोनच होते म्हणून."

सर माझ्याकडे अशा वैतागाने पाहू लागले जसं मी रोज त्यांच्याकडे पाहत असे. "बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्ट नीट लावायचीच असते का? मी 'हं' म्हटलं होतं. म्हटलं म्हणजे माझी झाली."

मल्लेश आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "तुमी दोगं भांडा. मी वैनीला घिऊन येतो." आणि खरंच त्याच संध्याकाळी घेऊन आला.

ऑपरेशन लगेच होऊ शकलं नाही. इतक्या अशक्त बाईला भूल द्यायला कुणी तयार होईना. सर्जननी दहा दिवस दिले. त्या दहा दिवसांत गाठ वाढते की राजम्मा भरतात, हीच शर्यत होती. सर रोज वॉर्डात जात, त्यांच्या ताटासमोर स्टूल टाकून बसत आणि प्रत्येक घास डोळ्यांनी मोजत. नर्सनी तक्रार केली. मी त्यांना उठवायला गेले तर राजम्मा म्हणाल्या, "बसू द्या, बाई. त्यांना लई भ्याव वाटतंय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी त्यांना विचारलं, "राजम्मा, काढल्यावर गाठीचा एक तुकडा मला द्याल?" तेव्हा असं कुणी विचारत नसे. बादलीत जायचं ते उचलून आणत. मला वाटलं, या माणसाला कधी काय विचारावं हे मरेपर्यंत कळणार नाही.

राजम्मा हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा हसल्या असतील. "घ्या की समदीच. पर तिला खायाला घालू नका."

सरांनी त्या तुकड्याच्याही नळ्या लावल्या. मी मोजलं. नेहमीसारख्याच काही पेशी साखरेवाचून बिनरंगी राहिल्या. सरांनी त्यावर पुढे चार वर्षं काम केलं आणि एक ओळही छापली नाही, कारण प्रत्येक वेळी लिहायला बसले की त्यांना नवी शंका यायची. निवृत्त होऊन ते बहिणीकडे कुर्डुवाडीला गेले. तिथेच वारले. त्यांच्या वह्या विभागाच्या माळ्यावर होत्या. इमारत पाडली तेव्हा मी चौकशी केली, कुणाला काही माहीत नव्हतं. कॉलेज सोडताना मी लावलेले रॅकही आता नाहीत.

राजम्मा आहेत. मल्लेशच्या मुलाकडे राहतात. डावा हात ऑपरेशनपासून सुजलेलाच आहे, त्या हाताने त्यांना पुन्हा कधी विडी वळता आली नाही. ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर त्याच मोठ्यांदा बोलतात. मीरा, माझ्या त्या एका 'नाही'मागे एवढं सगळं आहे.